झाकून ठेवलेलं ताट

मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलं की मैत्रिणींना नायगाऱ्याची वर्णनं ऐकवायची, हे दिवस आता संपले. आमच्या गल्लीतच चार घरं सोडून पाचव्या घरातलं कुणी ना कुणी तिकडे आहे. ऐकणार कोण? त्यामुळे मी आज सांगणार आहे ती गोष्ट नायगाऱ्याची नाही. ती एका सिनेमाची आहे, आणि खरं सांगायचं तर सिनेमाचीही अर्धीच.

२०२२ सालचा डिसेंबर. आम्ही दोघं न्यू जर्सीला मुलाकडे गेलो होतो. नाताळच्या आदल्या दिवशी बाहेर अशी थंडी, की दार उघडलं तरी नाक बधिर व्हावं. रात्री लवकर जेवणं आटोपली आणि सूनबाई म्हणाली, "आई, आज सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा. इथे नाताळच्या आदल्या रात्री टीव्हीवर हा लागतोच. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे रेडिओवर कीर्तन लागायचं ना, तसंच समजा."

सिनेमाचं नाव 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. १९४६ सालचा, काळापांढरा. मी मुलाला म्हटलं, "अरे, तुझ्या बाबांच्या जन्मसालचा सिनेमा!" त्यावर हे आरामखुर्चीतून म्हणाले, "मग तोही आता गुडघ्यांनी कुरकुरत असेल." मी कापूस घेऊन वाती वळायला बसले. इंग्रजी भराभर बोलतात ते मला समजत नाही. म्हणून सुनेने पडद्यावर खाली अक्षरं उमटतील अशी सोय करून दिली. नातू मांडीशी येऊन बसला. नाताळचा सिनेमा म्हणजे लाल टोपीवाला म्हातारा, खेळणी, गाणी असं काहीतरी असेल, अशी माझी समजूत होती. दोन वाती वळून होईपर्यंत ती समजूत पार गेली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बेडफर्ड फॉल्स नावाचं एक लहान गाव. हे गाव कल्पनेतलं आहे, पण तुमच्या आमच्या तालुक्याच्या गावासारखंच, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथला जॉर्ज बेली हा मुलगा. लहानपणी धाकटा भाऊ बर्फ फुटून पाण्यात पडतो, त्याला वाचवताना जॉर्जचा एक कान कायमचा जातो. मोठा झाल्यावर जग बघायचं, पूल नि उंच इमारती बांधायच्या, ही त्याची स्वप्नं. प्रवासाची मोठी बॅगसुद्धा घेऊन ठेवलेली. तेवढ्यात वडील जातात. वडिलांची एक संस्था असते. ती म्हणजे आपल्याकडच्या पतपेढीसारखीच. लोकांनी थोडे थोडे पैसे ठेवायचे आणि त्यातून गरिबांना घर बांधायला कर्ज द्यायचं. गावातला एक श्रीमंत, खडूस सावकार, मिस्टर पॉटर, ती गिळायला टपलेला. संस्थेचे पंच म्हणतात, जॉर्ज राहिला तरच संस्था चालू ठेवू. जॉर्ज राहतो. शिक्षणासाठी साठवलेले पैसे धाकट्याला देतो. चार वर्षांनी तू परत ये, मग मी जाईन, असं ठरतं. चार वर्षांनी धाकटा येतो तो लग्न करून, सासऱ्याच्या कारखान्यात नोकरी पक्की करून!

इथे माझे हात थांबले. मी ह्यांच्याकडे चोरून पाहिलं. हे पडद्याकडे बघत होते.

आता आमचं सांगायला हवं. १९६४ साली ह्यांना पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. ट्रंक भरून तयार होती, आणि जायच्या आधी पंधरा दिवस सासरे गेले. ते गावच्या एका पतपेढीत कारकून होते. त्यांच्या जागी पेढीने ह्यांना घेतलं, वय वर्षं अठरा. पाठचे दोन भाऊ शिकले, दोघेही इंजिनिअर झाले. एक तर जर्मनीला गेला. आम्ही मात्र गावात, त्याच वाड्यात, त्याच तीन खोल्यांत. १९७३ साली मी लग्न होऊन आले तेव्हा ती ट्रंक माळ्यावर होती. आम्ही तिच्यात गोधड्या ठेवत असू. दीर-जावा सुट्टीला आल्या, की त्यांच्या साड्या, त्यांच्या मुलांचे बूट बघून मला वाटायचं, ह्यांच्या जिवावर सगळे पुढे गेले आणि आम्ही मात्र इथेच राहिलो. हे मी बोलून दाखवत नसे असं नाही. दाखवत असे. चांगलं दाखवत असे.

सिनेमात जॉर्जला मेरी नावाची बायको मिळते. डोना रीड या नटीने ती फार गोड वठवली आहे. जॉर्जचं काम जेम्स स्टुअर्टचं. लग्नाच्या दिवशीच बँकेवर लोकांची झुंबड उडते, आणि मधुचंद्राला जायला बाजूला काढलेले दोन हजार डॉलर मेरी स्वतःहून पुढे करते. संध्याकाळी पेढी बंद होते तेव्हा शिल्लक उरतात फक्त दोन डॉलर! मग एका गळक्या, पडक्या घरात मेरी टेबल मांडते, शेगडीपाशी कोंबड्या भाजायला लावते. आणि भाजायची सळई फिरवायला काय, तर ग्रामोफोन! तबकडी फिरते आणि तिच्याबरोबर सळईही फिरते. मी मोठ्याने हसले. सुनेला म्हटलं, "बघ, संसार कशाला म्हणतात ते!"

पण त्यानंतरचं हसण्यासारखं नव्हतं. अशी बरीच वर्षं जातात. नाताळच्या आदल्या दिवशी जॉर्जचा विसरभोळा काका पेढीचे आठ हजार डॉलर बँकेत भरायला नेतो आणि वर्तमानपत्राच्या घडीत घालून नकळत त्या पॉटरच्याच हातात देऊन बसतो. पॉटर गप्प राहतो. नेमका त्याच दिवशी हिशेब तपासनीस आलेला. आता जॉर्जला तुरुंगच. तो घरी येतो. घरात झाड सजवलेलं, एक मुलगी पियानोवर तेच तेच गाणं वाजवते आहे, एक मुलगा शब्दांची स्पेलिंगं विचारतो आहे, धाकटी तापाने वर झोपलेली. जॉर्ज पियानोवालीवर ओरडतो. फोनवर धाकटीच्या बाईंना वाट्टेल ते बोलतो. आणि मग कोपऱ्यातल्या टेबलावर त्याने हौसेने केलेले पुलांचे, इमारतींचे नमुने असतात ते लाथ मारून उधळून देतो. पोरं भिंतीला टेकून बघत राहतात.

खोलीत कुणी काही बोलेना. माझा मुलगा, आता सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, हळूच म्हणाला, "बाबा, माझा किल्ला आठवतो?"

१९८४ सालची दिवाळी. मुलगा नऊ वर्षांचा होता. अंगणात त्याने आठ दिवस खपून प्रतापगड केला होता. माती कालवून तट, बुरूज, हळीव पेरून हिरवळ, पायथ्याला पुठ्ठ्याची विहीर. वसुबारसेच्या संध्याकाळी हे घरी आले. मुलगा "बाबा, बघा ना, बाबा" करत मागे लागला. ह्यांनी एकदा "नंतर" म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि तिसऱ्यांदा किल्ल्यावर पाय घातला. बुरूज, तट, मावळे, सगळं मातीत. मुलगा रडलासुद्धा नाही. मी चकली तळत होते, झारा हातात तसाच घेऊन बाहेर आले आणि शेजारपाजारच्या देखत ह्यांना नको ते बोलले. त्या दिवसापासून मी अबोला धरला. पुरे वीस दिवस. सगळी दिवाळी अबोल्यात गेली. पाडव्याला ओवाळलं तेही मान खाली घालून.

रोज रात्री जेवणाच्या वेळेला हे बाहेर जायचे आणि अकरा, साडेअकराला यायचे. कुठे जाता, मी विचारलं नाही. विचारायचं कशाला? बोलायचंच नव्हतं ना मला!

पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ह्यांच्या पेढीतल्या एका गृहस्थांच्या बायकोने सहज म्हणून सांगितलं, "वहिनी, तुमच्या ह्यांच्या पगारातून अजून कापतात का हो ते चार हजार?" माझ्या हातातली वाणाची वाटी तशीच राहिली. हे रोखपाल होते. दिवाळीत लोक दिवाळी ठेव काढायला येतात, त्या गर्दीत रोख चार हजार रुपये कमी भरले. कुणाला जास्त दिले गेले, की कुणी हातचलाखी केली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तूट रोखपालाच्या माथी. तेव्हाचे चार हजार म्हणजे ह्यांचे पाच महिन्यांचे पगार! आणि मी समजत होते, पगार कमी येतो म्हणजे हे पुन्हा भावाला पाठवताहेत. घरी आले तेव्हा मी काही न बोलता दोन बांगड्या काढून ह्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या मोडल्या, पेढीचं देणं फिटलं. विषय तिथे मिटला असं मी अडतीस वर्षं धरून चालले होते.

सिनेमात जॉर्ज घरातून बाहेर पडतो आणि गावाबाहेरच्या पुलावर जातो. खाली काळं पाणी, वरून बर्फ पडतंय. आपण नसतो तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं. तिथे क्लॅरेन्स नावाचा एक भोळाभाबडा म्हातारा देवदूत येतो, ज्याला अजून पंखही मिळालेले नाहीत. तो आधी स्वतःच पाण्यात उडी टाकतो, कारण जॉर्जचा स्वभाव त्याला ठाऊक! दुसरा बुडताना दिसला की हा स्वतःचं दुःख विसरून त्याला काढणार. आणि मग तो जॉर्जला दाखवतो, तू जन्मलाच नसतास तर हे गाव कसं असतं. धाकटा भाऊ लहानपणीच बुडून गेलेला, आणि त्या भावाने पुढे लढाईत वाचवलेले शिपाईही गेलेले. गरिबांची घरं उभी राहिलेलीच नाहीत. सगळं गाव त्या पॉटरच्या मालकीचं.

एका गोष्टीवर मात्र माझं आणि सिनेमाचं पटलं नाही. जॉर्ज नसता तर मेरीचं काय झालं असतं? तर म्हणे ती चष्मा लावून वाचनालयात नोकरी करणारी, बिनलग्नाची, घाबरट बाई झाली असती. देवदूत हे असं सांगतो, की जणू याहून भयंकर काही नसावं! आमच्या गावच्या वाचनालयात अशाच एक बिनलग्नाच्या बाई तीस वर्षं होत्या. निम्म्या गावाच्या मुलांना त्यांनी वाचायची गोडी लावली. त्या नसत्या तर आमचं गाव कसं असतं, हे दाखवायला कुणी देवदूत आला नाही, एवढंच. मी हे बोलले तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, मलाही दरवर्षी तिथेच राग येतो." तेवढ्यावर आमचं एकमत झालं.

शेवट गोड आहे. जॉर्ज धावत घरी येतो. पोलीस, तपासनीस उभे असतात, आणि सगळं गाव टोपल्या भरून पैसे घेऊन येतं. नातू म्हणाला, "आजी, देवदूताने वाचवलं." मी म्हटलं, "नीट बघ. देवदूताने बापाला समजावलं. पैसे आणले ते आईने." कारण, मैत्रिणींनो, माझं लक्ष तिकडेच होतं. जॉर्ज थैमान घालून निघून जातो, तेव्हा मेरी रडत बसत नाही. रागावते जरूर, मुलांना कशाला छळतोस, म्हणून सुनावते. पण तो दाराबाहेर पडल्याबरोबर ती फोनकडे जाते. नवऱ्याला काय झालंय ते शोधून काढते, आणि त्याची अडचण गावात दारोदार पोचवते. म्हणून तर लोक येतात. सिनेमाभर देवदूताचं कौतुक, शेवटी पंखही त्याला. मेरीला काय? तिला नवरा परत मिळाला, हेच तिचे पंख असतील.

मेरीने विचारलं. मी विचारलं नव्हतं.

मंडळी झोपायला गेली. मी स्वयंपाकघरात दुधाला विरजण लावत होते. हे पाणी प्यायला आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, त्या दिवाळीत मी कृष्णेच्या पुलावर जायचो."

मी म्हटलं, "फिरायला?"

"नाही," हे म्हणाले.

मग बराच वेळ फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. मी हातातलं भांडं खाली ठेवलं. ह्यांनी सांगितलं ते असं, की तिसऱ्या का चौथ्या रात्री कठड्याला धरून ते खूप वेळ उभे होते. विम्याचे किती येतील याचा हिशेबही मनात झाला होता. सिनेमातला जॉर्जही नेमका तोच हिशेब करतो. "मग?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मग काय? आठवलं, की घरी ताट झाकून ठेवलेलं असेल. तू बोलत नव्हतीस, पण ताट रोज झाकून ठेवायचीस. भाकरी फडक्यात, भाजीवर वाटी, वर पितळी झाकण, आणि उंदरांनी ढकलू नये म्हणून त्यावर वरवंटा. मनात म्हटलं, हिने एवढं करून ठेवलंय, मी नाही गेलो तर ही बसून राहील. आलो घरी."

मला काय वाटलं ते कसं सांगू? कुणी म्हणेल, तुमच्या ताटाने माणूस वाचवला, अभिमान वाटायला हवा. मला अभिमान वाटला नाही. कारण ते ताट मी प्रेमाने झाकत नव्हते. दात-ओठ खात झाकत होते. घरच्या माणसाला उपाशी ठेवायचं नाही, हे आईने लावलेलं वळण, म्हणून झाकत होते. त्या वळणाने वाचवलं. माझ्या तोंडून एक शब्द गेला असता, "काय झालंय हो?" एवढाच, तर त्यांना पुलापर्यंत जावंच लागलं नसतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मीही सांगायला हवं होतं. पण चूक कबूल करायची, तीही बायकोजवळ, म्हणजे आमच्या पिढीला मोठंच संकट." आम्ही दोघं त्या परक्या स्वयंपाकघरात रात्री एक वाजेपर्यंत बसलो होतो. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली होती, आणि एवढं बोलणं पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवशी सूनबाईने या सिनेमाच्या गमती सांगितल्या. ज्या कथेवरून तो काढला, ती फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या लेखकाची. कुणी छापेना, म्हणून त्याने १९४३च्या नाताळात स्वतःच दोनशे प्रती काढून शुभेच्छापत्रं म्हणून वाटल्या. दिग्दर्शक फ्रँक काप्रा. सिनेमातला बर्फ सगळा खोटा. चित्रीकरण चाललं होतं ऐन उन्हाळ्यात! पूर्वी पडद्यावरच्या बर्फासाठी रंगवलेले कॉर्नफ्लेक्स टाकत, त्यांचा पायाखाली कुरकुर आवाज यायचा. म्हणून या सिनेमासाठी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण करून नवा बर्फ बनवला, आणि त्या तंत्राला पारितोषिकही मिळालं. एरवी ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, पण त्यांतलं एकही पदरात पडलं नाही. तिकीटविक्रीतही खोटच आली. पुढे १९७४ साली हक्कांचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, तेव्हा टीव्हीवाल्यांनी फुकट मिळतोय म्हणून दर नाताळाला तो लावायला सुरुवात केली, आणि असा घरोघरी पोचला. कुणाच्या तरी विसरभोळेपणाने का होईना, त्याची किंमत लोकांना कळली, तीही अठ्ठावीस वर्षांनी!

आमच्या मुलाने त्या दिवशी आणखी एक केलं. मागच्या अंगणात मातीला हात लावायची सोय नव्हती, गारठून दगड झाली होती. म्हणून घरातच खोके, कागद आणि कणकेचा चिखल घेऊन तो, नातू आणि हे असे तिघांनी जेवणाच्या टेबलावर प्रतापगड केला. नाताळात किल्ला! ह्यांनी बुरूज केले. एक बुरूज कलला, तर हे नातवाला म्हणाले, "राहू दे रे, तसाच राहू दे." मुलगा माझ्याकडे बघून हसला. मी कणकेची नासाडी झाली म्हणून एरवी ओरडले असते. गप्प बसले. पण तो अबोला नव्हता.

मैत्रिणींनो, अबोला हे आपलं जुनं हत्यार आहे. आपल्या आयांनी वापरलं, आपण वापरलं. घरात ज्याच्या हातात पैसा नाही, सत्ता नाही, त्याच्या हातात तेवढंच असतं, हेही मी जाणते. पण या हत्याराला मूठ नाही. ते कुणाला किती लागलं हे आपल्याला कळत नाही. घरातला माणूस अकारण ओरडू लागला, मुलांच्या अंगावर धावून जाऊ लागला, वेळी-अवेळी बाहेर राहू लागला, तर रागवा, हक्काने रागवा, मुलांना आधी बाजूला घ्या. पण विचारा. तो सांगत नसेल तर त्याच्या मित्राला, भावाला, कचेरीतल्या माणसाला विचारा. लाज वाटायचं कारण नाही. मेरीला वाटली नाही.

आता आम्ही परत गावी आलो आहोत. माळ्यावरची ती ट्रंक मी खाली काढून घासूनपुसून खिडकीशी ठेवली आहे. हे त्यावर बसून पेपर वाचतात. कधी चेहरा उतरलेला दिसला, की मी विचारते, "काय झालं?" हे म्हणतात, "काही नाही." मग मी पुन्हा विचारते. पहिल्यांदा विचारल्यावर कुठलाच पुरुष सांगत नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगतो, असा माझा अनुभव आहे. तेवढा दुसऱ्यांदा विचारायचा कंटाळा करू नका.

आणि ताट? ते अजूनही झाकते. फक्त आता समोर बसून, ते जेवेपर्यंत बोलत असते. हे म्हणतात, "अगं, तो अबोला परवडला!"